माणसातला दुष्टपणा आणि तो बरा होण्याची शक्यता: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांध कोरणारा चुलता, दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा, एका घराला वाळीत टाकणारी अख्खी वाडी, मांजराच्या पिल्लांना छळणारा मुलगा. प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतात, पण मुळात दोनच असतात: माणूस असा का वागतो, आणि तो सुधारतो का?

दुष्टपणा हा मानसिक आजार आहे का?

नाही. मनोविकारांच्या कुठल्याही अधिकृत यादीत असं निदान नाही. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्याचे बहुसंख्य रुग्ण कुणावर हात उचलत नाहीत. उलट इतरांच्या छळाला तेच जास्त बळी पडतात. ‘डोकं फिरलंय, म्हणून मारतो’ या वाक्यानं आजारी माणसाची बदनामी होते आणि मारणाऱ्याला पळवाट मिळते.

या पानावर दुष्टपणा म्हणजे समोरच्याला इजा होते आहे हे कळत असून ती करणं, किंवा होऊ देणं, आणि वर तिचं समर्थन करणं. हा शब्द आम्ही कृतीला लावतो, माणसाला शक्यतो नाही. यात कुणाला मोठेपणानं सूट द्यायचा विचार नाही. ‘जातच तशी’, ‘रक्तातच आहे’ म्हटलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही, आणि दुष्टपणा करणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं.

मग ‘सायकोपाथ’ म्हणजे कोण? आमच्या भावकीत एक नक्की आहे.

बहुधा नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या मोजपट्टीत २० मुद्दे आहेत. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत साधारण ३० आणि त्यापुढच्या गुणांना सायकोपथी धरतात. गुण देणारा प्रशिक्षित असावा लागतो, आणि मुलाखतीबरोबर जुनी कागदपत्रं, पोलीस नोंदी, कामाचा इतिहास तपासावा लागतो. मोबाइलवरची दहा प्रश्नांची चाचणी याच्या जवळपासही जात नाही.

डॉक्टर वापरतात ते निदान ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार’. त्यासाठी वय किमान १८ लागतं आणि १५ वर्षांच्या आतच वर्तनाच्या गंभीर तक्रारी सुरू झाल्याचा पुरावा लागतो. चाळिशीपर्यंत सरळ वागलेला आणि सातबाऱ्याच्या वाटणीवरून अचानक उलटलेला चुलता यात बसत नाही. त्याला लोभ म्हणा, राग म्हणा. शब्द साधा असला तरी अचूक आहे.

साधा, देवभोळा माणूस क्रूर कसा होतो?

पायरीपायरीनं. येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये सुरू केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. प्रयोगासाठी आलेल्या माणसानं भिंतीपलीकडच्या ‘विद्यार्थ्या’ला प्रत्येक चुकीला विजेचा झटका द्यायचा. यंत्रावर ३० खटके होते, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, प्रत्येक खटका आधीच्यापेक्षा फक्त १५ व्होल्टनं वर. विद्यार्थी अभिनय करत होता, झटका खोटा होता. ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. पुष्कळांना घाम फुटला होता, काही विचित्र हसत होते, थांबूया का असं विचारत होते. पण ‘प्रयोग पुढे चालू राहणं गरजेचं आहे’ असं शेजारचा माणूस म्हणाला की पुन्हा खटका दाबत होते.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यापुढची जास्त उपयोगी आहे. विद्यार्थी त्याच खोलीत, डोळ्यांसमोर बसवला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे १०० मागे ४० उरले. त्याचा हात स्वतःच्या हातानं झटका देणाऱ्या पट्टीवर दाबून धरायचा ठरला तेव्हा ३०. सूचना देणारा खोलीतून निघून गेला आणि फोनवरून सांगू लागला तेव्हा साधारण २०. आणि शेजारी बसलेल्या दोन साथीदारांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून खुर्ची सोडली, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले.

या प्रयोगांवर आक्षेप आहेत; काहींना हे सगळं नाटक असल्याचा संशय आला होता. तरी अंतर, अधिकार आणि सोबत या तीन गोष्टींनी माणूस किती बदलतो, हे त्यातून पुरेसं दिसतं. १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगाचं मात्र इतकं भरवशानं सांगता येत नाही. तिथल्या ‘पहारेकऱ्यां’ना कडक वागायला सुचवलं गेलं होतं, हे पुढे उघड झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो प्रयोग अजून पुरावा म्हणून फिरतो, सोडून द्या.

वाळीत टाकणारे गावकरी सगळेच दुष्ट असतात का?

कोकणात हा प्रश्न पुस्तकी नाही. एखाद्या घराशी बोलायचं नाही, दळण द्यायचं नाही, त्यांच्या लग्नामयताला जायचं नाही, शिमग्यात पालखी त्यांच्या दाराशी न थांबता पुढे न्यायची. यातली एकेक गोष्ट करणारी माणसं एरवी सरळ असतात, अडल्यानडल्याला धावणारी असतात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी सदसद्विवेक बाजूला ठेवायच्या आठ युक्त्या सांगितल्या आहेत. गावकीच्या बैठकीत त्या आठही ऐकू येतात, फक्त आपल्या भाषेत.

‘देवाच्या मानाचा प्रश्न आहे’, म्हणजे इजेला पुण्याचा मुलामा. ‘वाळीत कुठे टाकलं, संबंध थांबवलेत’ हे गोड नाव. ‘मारलं तर नाही ना?’ ही तुलना. ‘गावकीनं ठरवलं, मुंबईच्या मंडळानंही मान्य केलं’, म्हणजे जबाबदारी वर ढकलली. ‘मी फक्त दळण नाकारलं’, म्हणजे ती वाटून टाकली. प्रत्येकाच्या वाट्याला इतकी लहान आली की दिसेनाशी झाली. ‘त्यांचे पोरगे मुंबईत कमावतात, त्यांना काय फरक पडतो’ हे परिणामांकडे डोळेझाक करणं. नाव न घेता ‘ते घर’ म्हणायला लागले की माणूसपण गेलंच. आणि शेवटी, ‘वेळेत माफी मागितली असती तर ही वेळ आली नसती’, म्हणजे दोषही त्याचाच.

बैठकीत बसला असाल तर या आठांतली कुठली चालू आहे हे मनात ओळखा आणि तिच्या जागी साधं, नेमकं वाक्य ठेवा. ‘संबंध थांबवले’ असं कुणी म्हणालं की: ‘म्हणजे त्यांच्या म्हातारीला उद्या रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर रिक्षावाला नाही म्हणणार, असंच ना?’ भांडू नका, परिणाम समोर ठेवा. दुसरं, एकट्यानं विरोध करू नका. आदल्या दिवशी आणखी एक घर बरोबर घ्या. एकट्याला ‘त्यांचा माणूस’ ठरवून गप्प बसवता येतं. दोघे उठले की बाकीचे आपापल्या चपला शोधू लागतात.

आम्हालाच वाळीत टाकलंय. काय करायचं?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: २०१६ चा अधिनियम, २०१७ पासून लागू. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

तक्रार कमजोर पडते ती बहुतेक वेळा ‘सगळं गाव आमच्याविरुद्ध आहे’ असं मोघम लिहिल्यामुळे. एक वही घाला: तारीख, वेळ, जागा, कुणी, काय नाकारलं, कोणते शब्द वापरले, समोर कोण होतं. दंडाची पावती, बैठकीची सूचना, मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा. कायद्यात एक शहाणपणाची सोय आहे: पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं, आणि त्यासाठी समाजसेवेची अट घालता येते. पुन्हा त्याच वाडीत राहायचं असेल तर हा मार्ग वकिलाशी बोलून ठेवा. आधी तक्रार, मग तडजोड. उलट क्रमानं गेलात तर तडजोडीला कुणी बसत नाही.

करणी, मूठ, देवस्की यांनी माणूस वाईट वागतो का?

नाही. या कल्पना का टिकतात ते मात्र समजण्यासारखं आहे: घरातला माणूस अचानक बदलला की ‘तो तसा नाही, त्याला कुणीतरी तसं केलंय’ हे सहन करायला सोपं जातं. धोका पुढच्या पायरीत आहे, करणाऱ्याचं नाव विचारण्यात. नाव निघतं ते बहुतेकदा शेजारच्या विधवेचं, किंवा ज्याच्याशी बांधाचा वाद आहे त्याचं. म्हणजे एका घरातलं दुखणं दुसऱ्या घरावरच्या अत्याचाराला निमित्त होतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा प्रकारांना सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे.

देवाला गाऱ्हाणं घालण्याला आमचा विरोध नाही. ‘चूकभूल माफ कर’ असं दरवर्षी चारचौघांत मोठ्यानं म्हणणारा समाज मनानं अडाणी नसतो. अडचण एवढीच की गाऱ्हाणं देवाला घातलं जातं. ज्याचा बांध कोरला, तो मागच्या रांगेत उभा राहून ऐकत असतो.

श्रावणात दारू सोडली आणि तिसऱ्या दिवशी अंगात आल्यासारखं करतो. भूत लागलं का?

हे नीट वाचा, यात जीव जातो. रोज भरपूर पिणाऱ्यानं श्रावण लागला किंवा गणपती आले म्हणून एका दिवसात दारू बंद केली, तर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलावतात, दिवसकाळाचं भान सुटतं, ताप चढतो, माणूस मारायला धावतो. घरचे भगताकडे नेतात, आणि जाण्यायेण्यात हातातले तास निघून जातात.

अशा वेळी थेट रुग्णालय. डॉक्टरांना शेवटचा घोट कधी घेतला आणि रोज किती घेत होता ते खरं सांगा. लाजेनं निम्मं सांगितलंत तर औषधही निम्मंच पडेल. साखरेचं सलाइन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं, म्हणून ‘गावातच एक सलाइन लावून घेऊ’ हा घरगुती मार्ग नको. सोडायचीच आहे तर श्रावणाच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टर गाठा आणि औषधांच्या आधारानं सोडा.

दारू सुटल्यावर मारहाण थांबेल का? काहींची थांबते. पण बाजारात, साहेबासमोर, पोलिसासमोर कितीही प्याला तरी ज्याचा हात उठत नाही आणि फक्त घरात उठतो, त्याला दारूबरोबर दुसराही इलाज लागतो. हात कुठे आवरायचा हे त्याला प्यालेला असतानाही कळत होतं.

मुलगा मांजराला, कुत्र्याला छळतो. मोठेपणी गुन्हेगार होईल का?

वय बघा. तीन-चार वर्षांचं पोर शेपटी ओढतं, कारण दुसऱ्याला दुखतं हे त्याला अजून पुरतं उमगलेलं नसतं. सहा-सातनंतर तेच वारंवार, लपून आणि मजा घेत होत असेल, सोबत चोरी, आग लावणं, लहान मुलांना मारणं असेल, तर तज्ज्ञाकडे न्या. वर्तन विकाराचं निदान १५ ठरावीक वागणुकींपैकी वर्षभरात किमान तीन, आणि त्यातली एक तरी गेल्या सहा महिन्यांत दिसली तरच होतं. आणि आधी एक शांतपणे विचारा: त्याला कुणी मारतं का, कुणी नको तिथे हात लावतं का? प्राण्यांना छळणारं मूल कधीकधी स्वतःवर होतं तेच दाखवत असतं. तसं असेल तर मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा: १०९८.

लहानपणी मार खाल्लेली मुलं हिंसक होण्याचा धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्याच अभ्यासांत हेही दिसलंय की त्यातली बहुसंख्य मुलं हिंसक होत नाहीत.

घरी करायचं ते असं. रोज १०-१५ मिनिटं मुलाबरोबर खेळा. त्या वेळात हुकूम नाही, उपदेश नाही, खेळ त्याचा. सूचना जवळ जाऊन, एकच, छोटी: ‘दगड खाली ठेव.’ मनात पाचपर्यंत मोजा. ऐकलं तर तिथल्या तिथे शाबासकी द्या, आणि कशाबद्दल ते सांगून. नाही ऐकलं तर वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मिनिट या हिशेबानं बाजूला बसवा, भाषण न देता. पहिल्या एकदोन आठवड्यांत वागणं आधी बिघडतं, कारण जुनी युक्ती चालेना झाल्यावर मूल ती जोर लावून करून बघतं. बहुतेक घरं इथेच हार मानतात. कोकणात दुसरी अडचण: आई इथे नियम पाळते, आजी मागच्या दारानं लाडू देते आणि मुंबईहून बाबा फोनवर दम भरतात. तिघांचं आधी ठरू द्या. ज्या मुलांना दुसऱ्याच्या दुःखाचं फारसं काही वाटत नाही, त्यांच्यावर शिक्षेचा परिणाम कमी होतो. माया आणि बक्षीस यांचा जास्त. लोकांना हे उफराटं वाटतं आणि मार वाढवला जातो.

मोठी माणसं खरंच सुधारतात?

काही सुधारतात, आणि कशानं ते बरंचसं माहीत आहे. आधी फसलेला प्रयोग. कॅनडात पेनेटँगविशीनच्या कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात १९६०-७० च्या दशकांत गुन्हेगारांना एकमेकांसमोर मन मोकळं करायला लावणारी तीव्र गटचिकित्सा झाली. १९९२ मध्ये निष्कर्ष छापून आले: सायकोपथी असलेल्यांपैकी ज्यांना ही चिकित्सा मिळाली, त्यांनी न मिळालेल्यांपेक्षा जास्त हिंसक गुन्हे केले. संशोधकांचा कयास असा की दुसऱ्याच्या भावना ओळखण्याचं कसब त्यांनी आत्मसात केलं आणि माणसं गुंडाळायला वापरलं. नुसतं रडवणं, नुसतं बोलतं करणं म्हणजे इलाज नव्हे.

टिकतं ते वेगळं. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याचा धोका जास्त त्याला उपचाराचे जास्त तास, आणि कमी धोक्याच्या माणसाला अट्टल लोकांत बसवायचं नाही. तो बिघडून बाहेर येतो. गुन्ह्याला खतपाणी घालतात त्याच गोष्टी धरायच्या: विचारांच्या सवयी, संगत, नशा, हाताला काम. पद्धत शिकणाऱ्याला झेपेल अशी हवी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा केंद्रात, इतर संस्थांनी हात टेकलेल्या किशोरांना शिक्षेच्या चढाओढीतून बाहेर काढून रोजच्या चांगल्या वागण्याला रोज गुण आणि सवलती दिल्या. पुढे त्यांचे हिंसक गुन्हे तुलनेच्या गटापेक्षा कमी राहिले.

विपश्यनेबद्दल फार विचारणा होते. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैद्यांचं शिबिर झालं होतं, आणि विपश्यनेचं इगतपुरीचं केंद्र आपल्याला लांब नाही. दहा दिवस मौनानं राग ओळखायला मदत होते. पण मारहाणीवरचा उपचार म्हणून नवऱ्याला तिथे पाठवून मोकळं होऊ नका. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), तीव्र नैराश्य किंवा नुकतीच सोडलेली दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि अर्जात ते लपवू नका.

पश्चात्ताप खरा की नाटक, कसं ओळखायचं?

अश्रूंवरून नाही. वाक्यरचनेवरून थोडंफार, कृतीवरून पुष्कळ. ‘जे काही झालं त्याबद्दल वाईट वाटतं’ यात कर्ताच नाही. ‘मी मारलं, पण तीही बोलली’ यातल्या ‘पण’नं आधीचं सगळं पुसलं. खरी कबुली नेमकी असते: मी अमुक दिवशी अमुक केलं, त्यानं तुझं हे नुकसान झालं.

पुढे भरपाई. बांध कोरला असेल तर ‘झालं गेलं विसरू’ म्हणत चहा पाजण्यात भरपाई नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज कोरणाऱ्यानं करायचा, फी त्यानं भरायची, हद्दीचे दगड मोजणीदारासमोर पुन्हा बसवायचे आणि पडलेला गडगा आपल्या खर्चानं चढवायचा. यातल्या कुठल्या पायरीवर कुरकुर सुरू होते तिकडे लक्ष ठेवा.

अपराधीपणा आणि शरम यांत फरक करा. ‘मी वाईट केलं’ म्हणणारा दुरुस्तीकडे वळतो. ‘मी वाईटच’ म्हणणारा लपतो, पितो, किंवा दाखवून देणाऱ्यावरच उलटतो. म्हणून चारचौघांत नाक घासायला लावून माणूस सुधारत नाही, डूक धरतो.

गणपतीत सगळे एका घरी येतात. माफ करायलाच हवं का?

नाही. माफ करणं हे आपल्या मनातलं ओझं उतरवणं. संबंध जोडणं हा वेगळा निर्णय, आणि त्याला समोरच्याचं वागणं बदललेलं लागतं. पहिलं दुसऱ्याशिवाय होऊ शकतं. दोन्ही नाकारण्याचाही हक्क आहे. मूळ घर सामाईक असेल तर आधीच ठरवा: कुणी कोणत्या दिवशी यायचं, आरतीला कोण कुठे उभं राहणार, कोणता विषय काढायचा नाही. ज्यानं लैंगिक अत्याचार केला त्याच्या पाया पडायला त्या मुलीला लावू नका. सणाचा, वडीलधाऱ्यांचा, कुठल्याही मानाचा वास्ता देऊन नाही.

तो बदलेल म्हणून थांबू का?

त्यानं एकदा जरी गळा दाबला असेल तर थांबू नका. गळा दाबण्याचा प्रकार झालेल्या स्त्रियांचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. वळ दिसत नसला तरी डॉक्टरांना दाखवा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही लक्षणं सांगा. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा, म्हणून निघायचं आधी जाहीर करू नका. आधार कार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या घरी ठेवा. हिंसा चालू असताना नवराबायकोचं एकत्र समुपदेशन नको. तिथे बोललेल्या प्रत्येक वाक्याचा हिशेब रात्री घरी होतो. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

विहिरीच्या कठड्याशी उभी असते तेव्हा बाळाला ढकलावं असा विचार येतो. मी राक्षसीण आहे का?

नाही. असे नको असलेले विचार बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात चमकून जातात. ज्याला त्यांची भीती वाटते, किळस येते, जो विहीरच टाळायला लागतो, तो ते करण्यापासून फार लांब असतो. याचा त्रास रोजचा झाला तर तो मंत्रचळाचा (ओसीडीचा) एक प्रकार असतो आणि त्यावर चांगला उपचार आहे: तज्ज्ञाच्या मदतीनं साधारण १२ ते २० बैठकांत, टाळलेल्या गोष्टीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जाणं, गरजेप्रमाणे औषध. स्तोत्र म्हणून विचार दाबू पाहिला तर तो वाढतो.

एक अपवाद. बाळंतपणानंतरच्या दिवसांत बाईला हा विचार योग्यच वाटत असेल, ‘बाळ खरं माझं नाही’ असं वाटत असेल, आवाज येत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, तर बाळाला सुरक्षित हातात द्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कोकणात मदत कुठे मिळेल?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे; बाह्यरुग्ण विभागात दाखवायला भरती व्हावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग कोणत्या वारी असतो ते निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर एसटीचा दिवस फुकट जातो. दोडामार्ग, सावंतवाडीकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं मनोरुग्णालय जवळ पडतं. मोफत वकिलासाठी १५१००. स्त्रियांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. गावात कळेल या भीतीनं थांबला असाल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. केस पेपरची फाइल घरी आणताना मात्र रिक्षात विसरू नका.